ओरांगउटानचे संरक्षण आणि दलदलीतील पाणी : मध्य कालिमंतानच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :

मलय भाषेत 'ओरांग' म्हणजे माणूस आणि 'हुतान' म्हणजे अरण्य. या दोन शब्दांपासून 'ओरांगउटान' हे नाव तयार झाले. आशिया खंडातील हा एकमेव मोठा मानवसदृश कपी आज बोर्निओ आणि सुमात्रा या दोनच बेटांवर उरला आहे. त्याच्या बोर्निओ, सुमात्रा आणि तपानुली अशा तीन जाती मानल्या जातात. त्यांपैकी तपानुली ही जात २०१७ मध्ये स्वतंत्र म्हणून नोंदविली गेली आणि तिची संख्या ८०० पेक्षाही कमी आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने तिन्ही जातींचा समावेश 'अतिसंकटग्रस्त' या वर्गात केला आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक अभ्यासानुसार १९९९ ते २०१५ या काळात एकट्या बोर्निओ बेटावर एक लाखाहून अधिक ओरांगउटान नष्ट झाले.

ओरांगउटानच्या संरक्षणाचा विचार बहुधा अनाथ पिलांच्या सुटकेपासून सुरू होतो. तथापि, हा प्रश्न मुळात अधिवासाचा आणि मध्य कालिमंतानसारख्या प्रदेशात तर जमिनीखालील पाण्याचा आहे. प्रस्तुत लेखात याच अंगाने त्याची मांडणी केली आहे.

उद्दिष्टे :

१) ओरांगउटानची प्रजननक्षमता व त्याचा ऱ्हास यांतील संबंध स्पष्ट करणे.
२) पीट दलदलीतील अरण्याची रचना व तिच्या विनाशाची प्रक्रिया समजावून घेणे.
३) संरक्षणाच्या प्रचलित उपायांची उपयुक्तता व मर्यादा तपासणे.

संथ प्रजनन : ऱ्हासाचे मूळ गणित

ओरांगउटानची मादी साधारणपणे पंधराव्या वर्षाच्या सुमारास प्रथम माता होते. बहुधा तिला एका वेळी एकच पिलू होते आणि दोन पिलांमध्ये सात ते नऊ वर्षांचे अंतर असते. भूचर सस्तन प्राण्यांत इतके दीर्घ अंतर अन्यत्र आढळत नाही. या काळात पिलू आईच्या सहवासात राहून कोणते फळ केव्हा पिकते, कोणती साल खाण्याजोगी असते आणि झोपण्यासाठी फांद्यांचे घरटे कसे बांधावे, हे शिकते. त्यामुळे आई मारली गेली की एका जिवाबरोबर त्या पिलाची शाळाही नष्ट होते.

नैसर्गिक मृत्यूंखेरीज दरवर्षी शंभरातील केवळ एक प्रौढ मादी मारली गेली तरी तो समूह दीर्घकाळात घटत जातो, असे गणिती प्रतिमानांवरून दिसून येते. उपरोक्त अभ्यासातील आणखी एक निष्कर्ष येथे महत्त्वाचा ठरतो. बोर्निओत नष्ट झालेल्या ओरांगउटानांपैकी बहुसंख्य अरण्य उभे असलेल्या प्रदेशातील होते. मांसासाठी होणारी शिकार, पिकांच्या रक्षणासाठी केलेली हत्या आणि पिलांचा चोरटा व्यापार ही त्यामागील प्रमुख कारणे होत.

पीट दलदलीची रचना :

कोळशाच्या निर्मितीतील पहिली अवस्था म्हणून 'पीट' हा शब्द भूगोलाच्या विद्यार्थ्यांना परिचित असतो. मध्य कालिमंतानमध्ये हे पीट आजही तयार होत आहे. पावसाचे पाणी साचून राहिल्याने जमिनीत प्राणवायू पोहोचत नाही, गळालेली पाने व खोडे पूर्णपणे कुजत नाहीत आणि हजारो वर्षांत त्यांचे थरावर थर साचत जातात. काही ठिकाणी या थरांची जाडी दहा मीटरहून अधिक आहे. त्यावर उभे असलेले अरण्य हा ओरांगउटानचा एक प्रमुख अधिवास आहे. या संपूर्ण व्यवस्थेचा आधार पाणी हा आहे. पाणी आहे तोवर पीट टिकते आणि पीट आहे तोवर अरण्य टिकते.

महाभात प्रकल्प व त्याचे परिणाम :

१९८० च्या दशकात इंडोनेशियाने तांदळाच्या बाबतीत मिळविलेली स्वयंपूर्णता पुढे टिकली नाही. तेव्हा राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांच्या राजवटीने मध्य कालिमंतानमधील सुमारे दहा लाख हेक्टर दलदल भातशेतीखाली आणण्याचा निर्णय घेतला. १९९६ मध्ये काम सुरू झाले. अरण्य तोडून हजारो किलोमीटर लांबीचे कालवे खोदण्यात आले आणि जावा व अन्य बेटांवरून शेतकरी कुटुंबे आणून वसविण्यात आली. परंतु पीटची आम्लयुक्त, निकृष्ट जमीन भाताला मानवली नाही. सुहार्तोंच्या पतनानंतर १९९९ मध्ये प्रकल्प अधिकृतरीत्या गुंडाळण्यात आला.

प्रकल्प संपला तरी कालवे मात्र राहिले. त्यांतून पाणी नद्यांकडे वाहू लागले, पीट कोरडे पडले आणि जमीन खचू लागली. कोरडे पीट हे इंधनच असते. त्याची आग जमिनीखाली आठवडेच्या आठवडे धुमसत राहते आणि बहुधा मोठ्या पावसाशिवाय विझत नाही. १९९७ मधील एल निनोच्या वर्षी इंडोनेशियातील पीट व अरण्यांच्या वणव्यांतून बाहेर पडलेला कार्बन त्या काळातील जगाच्या वार्षिक खनिज इंधन उत्सर्जनाच्या १३ ते ४० टक्के होता, असा अंदाज २००२ मध्ये मांडला गेला. २०१५ मध्ये पुन्हा सुमारे २६ लाख हेक्टर क्षेत्र जळाले. लक्षावधी माणसे धुराने त्रस्त झाली आणि ओरांगउटानांचा अधिवास आणखी आक्रसला.

पामतेल आणि ग्राहक :

सुमात्रा व बोर्निओत तेलताडाच्या लागवडीसाठी अरण्ये तोडली गेली आणि पीटभूमीचाही निचरा करण्यात आला. या तेलाचा भारत हा एक प्रमुख आयातदार देश आहे. फरसाण, बिस्किटे, साबण अशा अनेक वस्तूंतून ते घरोघरी पोहोचते. २०२२ च्या दिवाळीत महाराष्ट्र शासनाने शिधापत्रिकाधारकांना १०० रुपयांत दिलेल्या 'आनंदाचा शिधा' या संचात रवा, चणाडाळ व साखरेबरोबर एक लिटर पामतेल होते. गरिबाच्या कढईतील हे तेल केवळ बहिष्काराच्या आवाहनाने बाजूला सारता येणार नाही. शिवाय तेलताडाचे दर हेक्टरी तेल उत्पादन सोयाबीनच्या कित्येक पट असल्याने, बहिष्कारामुळे अन्य तेलबियांसाठी अधिक जमीन लागण्याचा धोका संभवतो. २००४ मध्ये स्थापन झालेल्या शाश्वत पामतेल गोलमेज परिषदेने २०१८ च्या निकषांत नवी जंगलतोड व पीटवरील नवी लागवड यांना मनाई केली. अशा प्रमाणित तेलाचा आग्रह धरणे हा अधिक व्यवहार्य मार्ग होय.

संरक्षणाचे प्रयत्न :

१९७१ पासून तंजुंग पुतिंग येथे बिरुटे गाल्डिकास यांनी केलेल्या अभ्यासामुळे ओरांगउटानचे जीवन जगासमोर आले. १९९९ मध्ये पालंकाराया शहराजवळ सुरू झालेल्या न्यारू मेंतेंग केंद्रात अनाथ पिलांना 'अरण्यशाळेत' झाडावर चढणे, अन्न शोधणे व घरटे बांधणे शिकविले जाते. हे कार्य मोलाचे असले तरी एका पिलास अरण्यात परत सोडण्यास अनेक वर्षे लागतात. पुढे त्याला सोडण्यासाठी सुरक्षित अरण्यही लागतेच.

याउलट, २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झालेल्या सेबांगाऊ येथे मूळ कारणावरच उपाय योजण्यात आला. पूर्वी लाकूड वाहून नेण्यासाठी खोदलेले पाट लहान बांध घालून अडविण्यात आले. त्यामुळे पाण्याची पातळी वाढण्यास व वणव्यांचा धोका कमी होण्यास मदत झाली. मात्र हे कालवे व पाट स्थानिक लोकांच्या होड्यांचे मार्गही असतात. लोकांना विश्वासात न घेता घातलेले बांध मध्य कालिमंतानमध्ये काही ठिकाणी फोडले गेले. मासेमारी व दळणवळण यांची सोय राखून, स्थानिक दायाक समाजाच्या सहभागाने केलेले काम अधिक टिकते, असे या अनुभवातून म्हणता येते.

निष्कर्ष :

१) ओरांगउटानच्या प्रजननाचा वेग इतका संथ आहे की झालेली हानी भरून निघण्यास अनेक पिढ्या लागतात. म्हणून सुटका व पुनर्वसन हे प्रतिबंधाला पर्याय ठरू शकत नाहीत.
२) पीटभूमीत अरण्याचे रक्षण हे पाण्याच्या रक्षणापासून सुरू होते. केवळ वृक्षारोपण पुरेसे नाही.
३) अरण्य उभे असूनही हत्या थांबली नाही तर प्राणी टिकत नाहीत. यास्तव कायद्याची अंमलबजावणी आणि पीक नुकसानीबाबत शेतकऱ्यांना साहाय्य या दोहोंची जोड आवश्यक आहे.
४) २०२१ मध्ये भारताने ईशान्येकडील राज्ये व अंदमान यांवर विशेष भर देत तेलताड लागवडीचे राष्ट्रीय अभियान हाती घेतले. अन्नसुरक्षेच्या नावाने जमिनीचा स्वभाव न जाणता केलेले नियोजन किती महागात पडते, हा मध्य कालिमंतानचा धडा अशा वेळी दुर्लक्षिता येणार नाही. तेथील कालवे खोदण्यास दोन-तीन वर्षे लागली. त्यांनी रिते केलेले पीट साचण्यास मात्र हजारो वर्षे लागली होती.