समुद्रतळाची केबल आणि तिची डागडुजी

एका खंडातून दुसऱ्या खंडात जाणाऱ्या डेटापैकी सुमारे ९९ टक्के डेटा समुद्रतळावर पसरलेल्या केबलींमधून जातो. उपग्रहांचा वाटा त्यात अगदी किरकोळ असून, जिथे केबल पोहोचलेली नाही किंवा तुटलेली आहे अशा ठिकाणीच त्यांचे खरे मोल कळते. बँकांचे परदेशी व्यवहार, विमान कंपन्यांची आरक्षणे, पुण्यातील संगणक कंपन्यांचे युरोपातील ग्राहकांसाठी चालणारे काम, आखातात किंवा अमेरिकेत असलेल्या मुलांशी घरच्यांचे रोजचे बोलणे, हे सारे या केबलींवर अवलंबून आहे. जगभरात दरवर्षी साधारण १५० ते २०० वेळा त्या कुठे ना कुठे तुटतात किंवा निकामी होतात. त्यामुळे या यंत्रणेच्या सुरक्षिततेचा विचार करताना केबल तुटणार नाही असा बंदोबस्त करण्यापेक्षा, ती तुटल्यावर वाहतूक कोणत्या वाटेने वळवायची आणि तुटलेली केबल किती लवकर जोडायची, हेच प्रश्न अधिक महत्त्वाचे ठरतात. भारतासारख्या देशाने या दुसऱ्या प्रश्नाकडे आजवर पुरेसे लक्ष दिलेले नाही.

खोल समुद्रातील केबल १७ ते २० मिलिमीटर जाडीची असते. तिच्या गाभ्यात पोलादाची एक बारीक नळी असते आणि त्या नळीत, ओलावा रोखणाऱ्या जेलमध्ये, केसाइतके बारीक काचेचे तंतू म्हणजे ऑप्टिकल फायबर ठेवलेले असतात. नळीभोवती ताण सोसणाऱ्या पोलादी तारा, त्यांच्यावर तांब्याचे आवरण आणि सर्वांत बाहेर पॉलिथिनचा जाड थर असतो. तांब्याचे हे आवरण संरक्षणासाठी नसून वीज वाहून नेण्यासाठी असते. प्रकाशाचा संकेत काचेतून जाताना हळूहळू क्षीण होतो, म्हणून दर ६० ते १०० किलोमीटरवर रिपीटर, म्हणजे प्रकाश पुन्हा तेजस्वी करणारे यंत्र, केबलीतच बसवावे लागते आणि समुद्रतळावरील या यंत्रांना किनाऱ्यावरून सुमारे १०,००० व्होल्टपर्यंतच्या दाबाने वीज पुरवली जाते. किनाऱ्याजवळ, जिथे नांगर, जाळी आणि लाटा यांचा धोका असतो, तिथे याच केबलीवर पोलादी तारांचे एक किंवा दोन थर चढवलेले असतात आणि तिची जाडी जवळजवळ ५० मिलिमीटरपर्यंत जाते. उथळ पाण्यात समुद्रतळावर नांगरासारखे अवजार ओढून केबल एक-दीड मीटर खोल पुरली जाते. खोल समुद्रात मात्र ती तळावर नुसती पसरलेली असते, कारण तिथवर मासेमारीची जाळी सहसा पोहोचत नाहीत.

मुंबईचा या तंत्राशी संबंध दीडशे वर्षांहून जुना आहे. १८६५ पासून हिंदुस्थानचा लंडनशी तारसंपर्क इराणी आखात आणि तुर्की साम्राज्य यांतून जाणाऱ्या मार्गाने होत असे. वाटेतील अनेक कचेऱ्यांत संदेश हाताने पुन्हा पाठवावा लागत असल्याने तो पोहोचायला अनेक दिवस लागत आणि पोहोचेपर्यंत त्यात बऱ्याच चुकाही शिरत. १८७० च्या प्रारंभी ‘ग्रेट ईस्टर्न’ हे त्या काळचे सर्वांत मोठे जहाज केबल घेऊन मुंबईला आले. उष्ण कटिबंधातील उन्हाचा परिणाम पोटातील केबलीवर होऊ नये म्हणून या प्रवासासाठी त्याला पांढरा रंग दिलेला होता, कारण केबलीवरचे गटापर्चाचे आवरण, म्हणजे झाडाच्या चिकापासून बनवलेले विद्युतरोधक, उष्णतेने मऊ पडत असे. या जहाजाने मुंबईपासून एडनच्या दिशेने केबल टाकली आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये मुंबई आणि लंडन समुद्रमार्गे जोडली गेली. गटापर्चाच्या जागी पॉलिथिन आले आणि तांब्याच्या तारेच्या जागी काच आली, तरी मुंबईहून अरबी समुद्र, तांबडा समुद्र आणि इजिप्त ओलांडून युरोपला जाण्याचा मार्ग मुख्यतः तोच राहिला आहे, आणि आजच्या अनेक अडचणींचे मूळ याच सातत्यात आहे.

केबल तुटण्याची कारणे फारशी नाट्यमय नसतात. एकूण बिघाडांपैकी ७० ते ८० टक्के बिघाड मासेमारीच्या जाळ्यांमुळे आणि जहाजांच्या नांगरांमुळे होतात. भूकंप, समुद्रतळावरील दरडी, रिपीटरमधील दोष आणि जाणूनबुजून केलेला घातपात यांचा वाटा उरलेल्यात येतो. निसर्गाचा तडाखा क्वचित बसतो, पण बसला की मोठा असतो. २६ डिसेंबर २००६ रोजी तैवानच्या दक्षिणेला झालेल्या भूकंपानंतर गाळाचे प्रचंड लोंढे समुद्रतळावरून उताराने धावत गेले आणि त्यांनी नऊ केबली तोडल्या. त्या जोडण्यासाठी ११ जहाजे ४९ दिवस काम करत होती. मुंबईच्या समोरच्या समुद्रात धोका वेगळ्या प्रकारचा आहे. इथला समुद्र बराच दूरपर्यंत उथळ आहे, मुंबई आणि न्हावा-शेवा या बंदरांची वर्दळ तिथूनच जाते, बॉम्बे हायच्या तेलक्षेत्राच्या नळवाहिन्या तिथेच पसरलेल्या आहेत, आणि कोळी बांधव पिढ्यान्‌पिढ्या समुद्रतळात खुंट रोवून डोल जाळी लावतात ती जागाही किनाऱ्याजवळच्या याच पाण्यात आहे. त्यातच पावसाळ्याचे चार महिने समुद्र इतका खवळलेला असतो की किनाऱ्यालगत केबल टाकण्याचे किंवा दुरुस्त करण्याचे काम जवळजवळ थांबते. त्यामुळे जूनमध्ये झालेला बिघाड जानेवारीतील बिघाडापेक्षा कितीतरी महाग पडतो.

दुरुस्तीचे काम किनाऱ्यावरच सुरू होते. केबलीच्या दोन्ही टोकांच्या लँडिंग स्टेशनांवरून, म्हणजे केबल जमिनीवर येऊन देशांतर्गत जाळ्याला मिळते त्या इमारतींतून, काचेच्या तंतूत प्रकाशाचे स्पंदन सोडले जाते आणि ते तुटलेल्या जागेवरून परत यायला किती वेळ लागला हे मोजले जाते. काचेत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर असल्याने या वेळेवरून अंतर काढता येते. तांब्याचे आवरण उघडे पडून समुद्राच्या पाण्याला टेकलेले असेल, तर विजेचा दाब मोजूनही त्याच जागेची खातरजमा करता येते. मग त्या केबलीसाठी जपून ठेवलेले सुटे तुकडे आणि रिपीटर गोदामातून जहाजावर चढवले जातात आणि जहाज निघते.

ठरलेल्या जागी पोहोचल्यावर जहाज केबलीच्या वाटेला आडवे, अगदी मंद गतीने जाते आणि ग्रॅपनेल, म्हणजे लोखंडी आकड्यांचा जड गळ, तळावरून ओढत नेते. दोरावरचा ताण वाढला की केबल गळाला लागली असे समजते. खोल समुद्रातील केबलीला पृष्ठभागापर्यंत येण्याइतका ढिलेपणा नसतो, म्हणून गळातील पात्याने ती आधी तळावरच कापली जाते आणि मग तिचे एक टोक वर घेतले जाते. त्या टोकावरून एका बाजूचे स्टेशन तपासतात आणि सगळे ठीक असेल तर टोक बंद करून बोयाला बांधून समुद्रावर सोडतात. नंतर दुसरे टोक शोधून वर आणतात, त्याला सुटी केबल जोडतात, ती सोडत सोडत बोयापर्यंत परत येतात आणि तिथे शेवटचा जोड घालतात. तळ तीन हजार मीटर खोल असेल तर दोन्ही टोके वर आणण्यासाठी त्याच्या दुपटीहून जास्त केबल नव्याने घालावी लागते आणि हा वाढीव भाग तळावर बाजूला वळवून असा मांडावा लागतो की त्याला पीळ पडणार नाही.

या साऱ्या कामात सर्वांत नाजूक भाग जोडाचा आहे. जहाजावरील बंद खोलीत जोडारी प्रत्येक तंतूवरचे आवरण सोलतो, तो पुसून घेतो, त्याचे टोक अचूक काटकोनात कापतो आणि दोन टोके समोरासमोर आणून विजेच्या ठिणगीने वितळवून एकजीव करतो. जोडामुळे किती प्रकाश वाया जातो हे तिथल्या तिथे मोजले जाते आणि आकडा मनासारखा आला नाही तर जोड कापून पुन्हा घातला जातो. सारे तंतू एका पोलादी डबीत गुंडाळून ठेवल्यावर त्यावर वितळलेल्या पॉलिथिनचे नवे आवरण ओततात आणि आत हवेचा बुडबुडा राहिलेला नाही ना, हे क्ष-किरणांनी पाहतात, कारण १०,००० व्होल्टच्या दाबाखाली तेवढ्याशा पोकळीतूनही पुढे बिघाड होऊ शकतो. एका जोडाला अनेक तास लागतात. हेलकावणाऱ्या जहाजावर इतक्या बारकाईने चालणारे हे काम ज्या हातांनी होते, त्या हातांची नोंद दूरसंचाराच्या इतिहासात फारशी आढळत नाही आणि ही उणीव भरून निघायला हवी.

पर्यायी मार्ग असले म्हणजे काय घडते, हे ३० जानेवारी २००८ रोजी भारताने अनुभवले. त्या दिवशी इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ सी-मी-वी-४ आणि फ्लॅग या दोन केबली तुटल्या आणि भारताची पश्चिमेकडे जाणारी क्षमता निम्म्याहून अधिक घटली. दोन दिवसांनी दुबईजवळ फाल्कन ही तिसरी केबल तुटली, तेव्हा घातपाताच्या चर्चेला ऊत आला. पण फाल्कनच्या जागी दुरुस्तीसाठी गेलेल्या जहाजाला पाच-सहा टन वजनाचा, टाकून दिलेला एक नांगर सापडला. त्या दिवसांत ज्या कंपन्यांनी सिंगापूरमार्गे पूर्वेकडील केबलींवर आधीच जागा घेऊन ठेवली होती, त्यांनी आपली वाहतूक प्रशांत महासागरावरून वळवली. अंतर वाढल्याने वेळ जास्त लागला, तरी काम चालू राहिले. इतरांना मात्र दुरुस्तीची वाट पाहावी लागली.

तांबड्या समुद्राचा मार्ग त्यानंतरही तितकाच अरुंद राहिला. फेब्रुवारी २०२४ मध्ये क्षेपणास्त्राचा मारा झालेले ‘रुबीमार’ हे मालवाहू जहाज नांगर टाकून खलाशांनी सोडून दिले आणि ते वाहत जाताना त्याच्या नांगराने तीन केबली तोडल्या. त्यांच्यापैकी एक मुंबईला पूर्व आफ्रिकेशी जोडणारी होती. तिथे दुरुस्ती रखडली ती मुख्यतः परवानगीसाठी, कारण येमेनमध्ये दोन परस्परविरोधी सत्ता आहेत आणि दोघींची मर्जी सांभाळल्याशिवाय जहाज नेणे शक्य नव्हते. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाहजवळ पुन्हा सी-मी-वी-४ आणि तिच्याबरोबर आयएमईडब्ल्यूई या केबली तुटल्या. या दोन्ही केबली मुंबईला येतात.

भारतातील परिस्थितीचे स्पष्ट चित्र भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ट्रायच्या, जून २०२३ मधील शिफारशींतून दिसते. तोवर देशात १७ आंतरराष्ट्रीय केबली १४ लँडिंग स्टेशनांवर येत होत्या आणि ही स्टेशने मुंबई, चेन्नई, कोची, तुतिकोरिन आणि तिरुवनंतपुरम या पाचच शहरांत होती. मुंबईत येणाऱ्या बहुतेक केबली वर्सोव्याच्या किनाऱ्यावरील काही किलोमीटरच्या पट्ट्यात जमिनीवर येतात. कंपन्या दहा असल्या आणि केबली वीस असल्या, तरी त्या एकाच वाळूतून वर येत असतील तर त्यांना वेगवेगळे मार्ग म्हणणे हे स्वतःची फसवणूक करून घेण्यासारखे आहे. कोकणात किंवा गुजरातच्या किनाऱ्यावर नवी लँडिंग स्टेशने उभारणे खर्चिक असले, तरी ज्या देशाची अर्थव्यवस्था इतक्या मोठ्या प्रमाणावर परदेशी सेवांवर चालते, त्याने हा खर्च आवश्यक म्हणूनच धरला पाहिजे.

दुसरी उणीव जहाजांची आहे. भारताच्या ध्वजाखाली केबल दुरुस्त करणारे जहाज नसल्याची बाब ट्रायने अधोरेखित केली. आज बिघाड झाला की परदेशी बंदरातून जहाज बोलवावे लागते, त्यासाठी अनेक खात्यांच्या परवानग्या घ्याव्या लागतात, आणि जहाजावरील सुट्या केबलीवरच्या सीमाशुल्काचाही प्रश्न सोडवावा लागतो. परवानग्यांसाठी एकच खिडकी असावी, दुरुस्तीच्या सामानाला करसवलत मिळावी आणि केबलींना अत्यावश्यक सेवेचा दर्जा द्यावा, असे ट्रायने सुचवले. दूरसंचार अधिनियम २०२३ मध्ये महत्त्वाच्या दूरसंचार पायाभूत सुविधा अधिसूचित करण्याची तरतूद आहे आणि २०२४ मध्ये त्याविषयीचे नियमही निघाले. परंतु अशा नियमांचा भर मुख्यतः उपकरणांची तपासणी, नोंदी आणि सायबर हल्ल्यांची वर्दी यांवर असतो. त्यांची गरज आहेच, पण समुद्रतळावर तुटलेली केबल नोंदींनी जोडली जात नाही. त्यासाठी तयार जहाज, सुटे भाग आणि शिकलेले जोडारी हाताशी असावे लागतात.

हेरगिरीचा धोकाही खरा आहे, मात्र तो खोल समुद्रापेक्षा किनाऱ्यावर अधिक असतो. ब्रिटनच्या गुप्तहेर यंत्रणेने केबलींमधील वाहतूक मोठ्या प्रमाणावर टिपून घेतल्याचे २०१३ मध्ये उघड झाले, तेव्हा त्या कामासाठी समुद्रात बुडी मारावी लागत नाही, हेही स्पष्ट झाले. याला उपाय म्हणजे संदेश पाठवणाऱ्यानेच तो कूटबद्ध करणे.

नांगर आणि जाळी यांच्याविषयीचा कायदा मात्र बराच जुना आणि शहाणपणाचा आहे. १८८४ च्या पॅरिस करारात असे ठरले की केबलीला इजा होऊ नये म्हणून एखाद्या नाखव्याने आपला नांगर किंवा जाळे सोडून दिले, तर त्याची भरपाई केबलीच्या मालकाने करावी. १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारातही ही तरतूद कायम आहे. तिचा उपयोग व्हायचा तर नाखव्याला केबल कुठून जाते आणि जाळे अडकल्यावर कोणाला कळवायचे, हे माहीत असायला हवे. वर्सोवा, मढ, खार दांडा येथील मच्छीमार सहकारी संस्थांपर्यंत केबलींचे अद्ययावत नकाशे आणि भरपाईचा साधा मराठी अर्ज पोहोचवणे हे जहाज विकत घेण्यापेक्षा कितीतरी स्वस्त काम आहे आणि ते पुढच्या पावसाळ्याआधी होऊ शकते.