वैमानिकाचा कोट कुणासाठी?

विमानतळावर चाकांची बॅग ओढत निघालेला वैमानिक ओळखायला कुणाला विचारावं लागत नाही. काळा किंवा गडद निळा कोट, बाहीवर सोनेरी पट्टे, पांढरा शुभ्र शर्ट, काळा टाय, कधी डोक्यावर टोपी. रांगेत ताटकळलेली माणसंही त्याला पाहून नकळत बाजूला होतात. एसटीत चढताना आपण ड्रायव्हरकडं असं बघत नाही. वास्तविक त्याच्याही हातात पन्नास जणांचा जीव असतो. पण घाट कितीही अवघड असला तरी एसटीची चाकं जमिनीवर असतात आणि फारच पोटात गोळा आला तर 'जरा गाडी थांबवा' असं म्हणता येतं. विमानात ती सोय नाही. म्हणून आत शिरण्यापूर्वी आपण चालवणाऱ्याला एकदा नजरेनं तपासून घेतो. त्याचं कसब आपल्याला तपासता येत नाही, कपडे तेवढे तपासता येतात. 'एक नूर आदमी, दस नूर कपडा' असं आमच्याकडं म्हणतात. हा कोट अंगात घालतो वैमानिक, पण शिवलाय तो आपल्या धास्तीच्या मापानं.

सुरुवातीला असं नव्हतं. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात वैमानिक उघड्या विमानात बसायचा. वर थंडी, तोंडावर वारा, इंजिनाचं उडणारं तेल. तेव्हा चामड्याचं जाकीट, कानापर्यंत येणारी चामडी टोपी, डोळ्यांना गॉगल, गळ्यात मफलर हा वेश जीव वाचवण्यासाठी होता. त्यात दिमाख शोधला तो नंतरच्या सिनेमांनी. शिवाय त्या विमानांतून बहुधा टपाल जायचं आणि टपालाच्या पोत्याला चालकाच्या कपड्यांशी काही देणंघेणं नसतं. आपल्याकडंही सुरुवात टपालानंच झाली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून पस मॉथ जातीचं छोटं विमान काढलं आणि अहमदाबादमार्गे मुंबईत जुहूला उतरवलं. जुन्या छायाचित्रात ते साध्या पांढऱ्या कपड्यांत दिसतात. बाहीवर एकही सोनेरी पट्टा नाही. भारतातला वैमानिकाचा पहिला परवाना मात्र त्यांच्याच नावावर होता.

मग विमानात माणसं बसू लागली आणि कपड्यांचा प्रश्न आला. अमेरिकेत तोवर लोकांनी वैमानिक पाहिला होता तो गावोगावच्या जत्रांत. युद्धातून उरलेली स्वस्त विमानं घेऊन काही धाडसी तरुण कसरती दाखवत हिंडायचे. तिकीट काढून बघायला ते ठीक, पण त्यांच्या भरवशावर बायकामुलांना घेऊन समुद्र कोण ओलांडणार? समुद्र ओलांडायला श्रीमंतांचा भरवसा आगबोटीवर होता आणि आगबोटीच्या कप्तानावर होता. पॅन अमेरिकन, म्हणजे पॅन अ‍ॅम, या कंपनीनं हे नेमकं हेरलं. १९३० च्या दशकाच्या आरंभी तिनं आपल्या वैमानिकांच्या अंगावरचा जुना लष्करी थाटाचा वेश उतरवला आणि त्यांना आरमारी अधिकाऱ्यासारखा गडद कोट, पांढरी टोपी आणि सोनेरी पट्टे दिले. कंपनीची मोठी विमानं पाण्यावरच उतरायची, त्यामुळं सोंगही शोभून दिसलं. विमानांना नाव दिलं 'क्लिपर', म्हणजे वेगवान शिडाचं जहाज. २२ नोव्हेंबर १९३५ रोजी 'चायना क्लिपर' टपाल घेऊन सॅन फ्रान्सिस्कोहून निघालं आणि बेटाबेटांवर मुक्काम करत आठवडाभरानं मनिलाला पोचलं. चालवणारे एडविन म्युसिक हे आता नुसते पायलट राहिले नव्हते, कॅप्टन झाले होते.

समुद्रावरून नुसता कोटच आला असं नाही, त्याच्या खिशातून एक अख्खी भाषा आली. कॅप्टन, फर्स्ट ऑफिसर, क्रू, केबिन, पर्सर, लॉगबुक, वेग मोजायचा 'नॉट' हे सगळे शब्द जहाजावरचे. आज नागपूरहून पुण्याला जाताना वाटेत समुद्राचा थेंब लागत नाही, तरी कॅप्टन आपलं स्वागत करतो आणि क्रू दरवाजे लावून घेतो. शब्दांत जगणाऱ्या माझ्यासारख्याला याचं फार कौतुक वाटतं.

खांद्यावरच्या किंवा बाहीवरच्या पट्ट्यांचा हिशेब कंपनीगणिक थोडा बदलतो, पण सर्वसाधारणपणे चार पट्टे कॅप्टनचे, तीन फर्स्ट ऑफिसरचे. छातीवर सोनेरी पंख. वैमानिकाच्या अंगावरची प्रत्येक गोष्ट मात्र दिखाव्याची नसते. पायलटचा म्हणून जगभर खपलेला तो थेंबाच्या आकाराचा गॉगल उंचावरच्या उन्हाची तिरीप सोसण्यासाठीच निघाला. त्यातही बाजारात महाग मिळणारी पोलराइज्ड काच वैमानिकांनी टाळावी असं सांगतात, कारण तिच्यातून समोरचे पडदे अंधूक दिसू शकतात. दोन देशांच्या वेळा एकदम दाखवणारं रोलेक्सचं घड्याळ १९५० च्या दशकात पॅन अ‍ॅमच्या वैमानिकांच्या गरजेतून आलं. कापडाचंही तसंच. आगीत नायलॉन वितळून कातडीला चिकटतं, सूत तसं चिकटत नाही. इस्त्रीला सोपं म्हणून कृत्रिम धागा घ्यायचा की नाही, हा विचार विमानात नुसता धोब्याचा राहत नाही.

कोटाची जादू चोरांच्या आधी कुणाला कळणार? १९६० च्या दशकात आपण पॅन अ‍ॅमचा वैमानिक बनून फुकट फिरलो, असं फ्रँक अ‍ॅबग्नेल नावाचा अमेरिकन ठग वर्षानुवर्षं सांगत आला. कंपनीला फोन करून 'माझा युनिफॉर्म हरवला' म्हटलं आणि शिंप्यानं नवा शिवून दिला, असा त्याचा दावा. त्यावर २००२ मध्ये स्टीव्हन स्पिलबर्ग यांनी गाजलेला सिनेमा काढला. पुढं अभ्यासकांनी जुनी कागदपत्रं काढली तेव्हा त्याच्या कहाणीतला बराच भाग बनावट निघाला. खोट्या वैमानिकाची गोष्टही खोटी! पण इतकी वर्षं ती जगाला खरी वाटली, कारण कोट घातला की दारं उघडतात हे प्रत्येकाला मनातून पटलेलं होतं. आपल्याकडं नोव्हेंबर २०१९ मध्ये दिल्लीच्या विमानतळावर लुफ्तान्साच्या कॅप्टनच्या वेशात हिंडणारा एक प्रवासी पकडला गेला. त्याला विमान पळवायचं नव्हतं. रांग टाळायची होती, जरा बडदास्त हवी होती. कविसंमेलनाला भारी झब्बा घातला की कविता बरी वाटते, असं मानणारे आमच्यातही आहेत. पण तिथं कविता पडली तरी श्रोते सुखरूप घरी जातात.

प्रवाशाला धीर यावा म्हणून कपडे शिवले, इथवर कुणाची तक्रार असायचं कारण नाही. पण प्रवाशाला कुणाला पाहून धीर येतो? कंपन्यांनी याचं उत्तर गृहीत धरलं होतं. उंच, गोरा, दाढी केलेला, कानशिलावर थोडे पिकलेले केस असलेला पुरुष. कोट या एकाच माणसाच्या मापाचा बेतला गेला आणि बाकीच्यांना 'तुम्हाला तो शोभणार नाही' असं सांगणं सोपं झालं. हेलन रिची या कसलेल्या वैमानिक बाईंना १९३४ च्या अखेरीस अमेरिकेतल्या सेंट्रल एअरलाइन्सनं नेमलं. वैमानिकांच्या संघटनेनं सभासदत्व दिलं नाही, खराब हवेत उड्डाण करू दिलं जाईना. वर्षभरात त्यांनी नोकरी सोडली. मार्लन ग्रीन हे हवाई दलात मुरलेले कृष्णवर्णीय वैमानिक. १९५७ मध्ये कॉन्टिनेन्टल एअरलाइन्सकडं अर्ज करताना त्यांनी वंशाचा रकाना कोरा ठेवला आणि फोटो लावला नाही. अर्ज वाचून कंपनीनं त्यांना बोलावलं, प्रत्यक्ष पाहून नोकरी नाकारली. सहा वर्षं ते लढले. १९६३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात जिंकले आणि १९६५ मध्ये त्याच कंपनीत रुजू झाले. त्या न लावलेल्या फोटोत मला व्यावसायिक दिसण्याचा सगळा प्रश्न दिसतो. १९७३ मध्ये फ्रंटियर एअरलाइन्सनं एमिली हॉवेल यांना घेतलं. त्यांचा गणवेश आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात ठेवलेला आहे. बाईच्या अंगावरचा वैमानिकाचा कोट हीच तेव्हा जपून ठेवण्याजोगी गोष्ट होती.

आपल्याकडं तर सरला ठुकराल यांनी १९३६ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, लाहोरला साडी नेसून एकट्यानं विमान उडवलं होतं. पदर विमानाला आड आला नाही. नोव्हेंबर १९८५ मध्ये इंडियन एअरलाइन्सचं फोकर विमान कलकत्त्याहून सिलचरला गेलं तेव्हा आत सगळ्या बायका होत्या. कॅप्टन सौदामिनी देशमुख आणि सहवैमानिक निवेदिता भसीन. मराठी माणसानं हे नाव लक्षात ठेवायला हवं, पण आपण शिवनेरीच्या पायऱ्या मोजण्यात गुंतलेले असतो. सरकारनं २०२१ मध्ये संसदेत सांगितलं त्याप्रमाणं भारतातल्या वैमानिकांत सुमारे १५ टक्के स्त्रिया आहेत. जगाची सरासरी ५ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे ज्या प्रवाशाच्या नावानं त्यांना अडवलं गेलं तो प्रवासी काही विमानातून उतरून गेला नाही.

दाढीची कथा याहून गमतीची. दाढी असेल तर प्राणवायूचा मास्क तोंडावर घट्ट बसत नाही, हवा गळते, म्हणून वैमानिकानं दाढी ठेवायची नाही, असा नियम अनेक कंपन्यांत होता. अमेरिकेच्या विमान खात्याचं १९८७ चं एक परिपत्रकही त्या बाजूचं होतं. ऐकायला पटण्यासारखं आहे. माझ्या वडीलधाऱ्यांत बिनदाढीचा माणूस शोधावा लागे, त्यामुळं मला या प्रश्नात जरा जास्त रस. तर एअर कॅनडानं सायमन फ्रेझर विद्यापीठाकडून याची तपासणी करून घेतली. कमी दाबाच्या खोलीत दाढीवाल्यांना बसवून, मास्क चढवून मोजमापं घेतली. २०१८ मध्ये निष्कर्ष आला की दाढीनं मास्कच्या कामात फरक पडत नाही. कंपनीनं लगेच साडेबारा मिलिमीटरपर्यंत दाढीला परवानगी दिली. इतकी वर्षं सुरक्षेच्या नावाखाली जे चाललं होतं त्यात टापटिपीच्या एका कल्पनेचाच भाग मोठा होता. सैन्याची गोष्ट वेगळी. भारतीय हवाई दलातल्या एका मुस्लिम जवानाची दाढीसाठीची याचिका सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१६ मध्ये फेटाळली, तिथं मुद्दा मास्कचा नव्हता, सगळ्यांनी एकसारखं दिसण्याच्या शिस्तीचा होता. तो निर्णय कुणाला पटो न पटो, निदान कारण उघड सांगितलं होतं. सरदार हरदितसिंग मलिक पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, ब्रिटिशांच्या हवाई पथकात लढले ते पगडीवर बसेल असं मोठं शिरस्त्राण खास करवून घेऊन. मनात आलं की माप बदलता येतं.

आता कोटाची दुसरी बाजू. प्रवाशाला धीर देणारे तेच चार पट्टे कॉकपिटमध्ये कधी कधी तोंड बंद करतात. २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांपैकी टेनेरिफच्या विमानतळावर दाट धुक्यात दोन जम्बो विमानं धावपट्टीवर एकमेकांवर आदळली. ५८३ माणसं गेली. एक विमान डच कंपनी केएलएमचं, दुसरं पॅन अ‍ॅमचं. केएलएमचे कॅप्टन व्हॅन झांटेन हे कंपनीत जम्बोचं प्रशिक्षण देणारे ज्येष्ठ वैमानिक. कंपनीच्या जाहिरातीत त्यांचं हसरं छायाचित्र छापलेलं होतं. विश्वास वाटावा असा चेहरा! शेजारच्या फर्स्ट ऑफिसरला जम्बोसाठी पात्र ठरवलं होतं तेही त्यांनीच. कंट्रोल टॉवरची स्पष्ट परवानगी मिळण्याआधीच त्यांनी विमान धावपट्टीवर सोडलं. रेडिओवर दोघं एकदम बोलल्यानं महत्त्वाचे शब्द दबले. मागं बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली. पुढचं विमान अजून धावपट्टीवरच नसेल ना, असं त्यानं विचारलं. कॅप्टननं ठामपणे ती झटकली. त्यानं पुन्हा विचारलं नाही.

या आणि अशा अपघातांनंतर १९७९ मध्ये नासानं यावर बैठक भरवली आणि १९८१ मध्ये युनायटेड एअरलाइन्सनं वैमानिकांना नव्या प्रकारचं शिक्षण सुरू केलं. कॅप्टननं ऐकून घ्यायला शिकायचं आणि कमी पट्टेवाल्यानं शंका स्पष्ट शब्दांत, गरज पडली तर पुन्हा पुन्हा, मांडायला शिकायचं. आज जगभर हे शिक्षण सक्तीचं आहे. बाहेर पट्टे मोजायचे, आत विसरायचे, असा हा अवघड कारभार.

गेल्या काही वर्षांत वेश सैल होत चाललाय. बऱ्याच कंपन्यांत टोपी गेली किंवा ऐच्छिक झाली. एअर इंडियानं डिसेंबर २०२३ मध्ये मनीष मल्होत्रा यांच्याकडून नवे गणवेश करवून घेतले. केबिनमधल्या स्त्रियांना नव्या घाटाची साडी मिळाली, पुरुषांना बंदगळा मिळाला. वैमानिकांना मात्र काळा डबल ब्रेस्ट कोटच. नव्वद वर्षांपूर्वीच्या आगबोटीच्या कप्तानाला हात लावायचं धाडस अजून कुणाला झालेलं नाही.

आणि हा कोट आपल्याला दिसतो तरी किती वेळ? सप्टेंबर २००१ नंतर कॉकपिटचं दार भक्कम झालं आणि उड्डाणभर बंद राहू लागलं. दार लागलं की बहुतेक वैमानिक कोट काढून अडकवतात, टोपी बाजूला ठेवतात आणि नुसत्या शर्टात कामाला बसतात. बाहेर बसलेल्यांना त्यानंतर ऐकू येतो तो फक्त आवाज.