२५० मिलीसाठी ३६७ मिलीचा मग

कोपऱ्यावरच्या कॅफेला हाताने घडवलेले चाळीस मग हवेत, प्रत्येकात २५० मिली मावणारे. चाकावर बसलेली कुंभारीण मात्र घडवते जवळजवळ ३६७ मिलीचे. मापात चूक? छे! इतकं मोठं घडवलं, तरच पुढे हवं ते माप मिळणार.

स्टोनवेअरची माती वाळून-भाजून साधारण १२ टक्के आक्रसते. बाराच ना? पण उंचीत बारा, रुंदीत बारा आणि जाडीतही बारा. ०.८८ ला तीनदा गुणून बघा: ०.६८. जवळजवळ एक तृतीयांश मग गायब!

जातो कुठे? मातीचे कण असतात चपटे, पत्त्यांच्या ओल्या गड्डीसारखे एकावर एक. मधल्या पाण्यामुळे ते घसरतात, म्हणून तर माती बोटांचं ऐकते. पाणी उडालं की पानं जवळ येतात. साधारण निम्मं आक्रसणं इथेच उरकतं. कान लावायचा तोही धड ओला नाही, धड वाळला नाही अशा वेळी, आणि मगाइतकाच ओलसर. नाहीतर दोघं वेगवेगळे आक्रसतात आणि सांध्यावर तडा.

मग खडखडीत वाळला. संपलं पाणी? अजिबात नाही! शुद्ध केओलिनच्या, म्हणजे चिनी मातीच्या, वजनात सुमारे १४ टक्के पाणी स्फटिकातच बांधलेलं असतं. ते सुटतं भट्टीत, साधारण ४५० ते ६०० अंशांत. त्याआधी हा मग पाण्यात टाकला तर चिखल. त्यानंतर टाका, चिखल होणे नाही. परतीची वाट बंद.

बाराशे अंशांपुढे मातीचा काही भाग चक्क वितळतो, फटींत शिरतो आणि कणांना एकमेकांकडे ओढतो. उरलेलं आक्रसणं ते हे. आपला माठ इतकी आच बघतच नाही, म्हणून तर तो पाझरतो आणि पाणी गार करतो. मगाने पाझरलेलं कुठल्या कॅफेला चालेल?

या आक्रसण्याची गंमत इंग्लंडच्या जोसाया वेजवुडने हेरली. पाऱ्याचा थर्मामीटर जिथे टिकत नाही, तिथली आच मोजायची कशी? भट्टीत मातीचे तुकडे ठेवायचे आणि ते किती आक्रसले ते मोजायचं! त्याचे अंश पुढे भलतेच चुकीचे ठरले, पण युक्ती अशी अफलातून की १७८३ मध्ये रॉयल सोसायटीने या कुंभाराला सदस्य करून घेतलं.

राहिली झिलई, म्हणजे मगावर वितळवलेली काच. गार होताना तिने मगापेक्षा किंचित कमीच आक्रसायचं. जास्त आक्रसली की बारीक भेगांचं जाळं, आणि तेही कधीकधी मग कॅफेत पोचून आठवडे लोटल्यावर! म्हणून जाणते कुंभार नमुन्याचा मग उकळत्या पाण्यातून काढून थेट बर्फाच्या पाण्यात बुडवतात. त्यातून निभावला, तरच उरलेल्यांना तीच झिलई.