कानात एक, ओठांवर दुसरं

एका कानात इअरफोन घालून बातम्या लावा आणि समोरच्या माणसाला साबुदाण्याची खिचडी कशी करायची ते सांगायला लागा. न अडखळता, हसतमुखानं. मग त्याला विचारा काय कळलं, आणि स्वतःला विचारा बातम्यांत काय होतं. मी हे करून पाहिलं. बातम्या डोक्यावरून गेल्याच, वर माझ्या खिचडीत साबुदाणा भिजवायचाही राहिला.

खिचडीच्या जागी क्रिकेट घाला, समोर एका माणसाऐवजी कोट्यवधी, आणि बातम्यांच्या जागी कंट्रोल रूममधून येणाऱ्या सूचना. पुण्याची क्रीडा निवेदिका संजना गणेशन यावर पोट भरते.

आडनाव दाक्षिणात्य, पण १९९१चा जन्म पुण्यातला, शाळा बिशप्स, आणि इंजिनिअरिंगची पदवी सिंबायोसिसची. पुण्यात इंजिनिअर होणं म्हणजे काही बातमी नव्हे; पुढची वळणं मात्र वेगळी. २०१४ मध्ये मिस इंडियाच्या अंतिम फेरीत, त्याच वर्षी एमटीव्हीच्या ‘स्प्लिट्सव्हिला’त, आणि मग स्टार स्पोर्ट्सवर. २०१९च्या विश्वचषकात ती घराघरांत दिसत होती. आयपीएलमध्ये तिनं कोलकाता संघासाठीही कार्यक्रम केला.

‘मॉडेलिंगमधून क्रिकेटमध्ये? हं!’ असं म्हणणारे तेव्हाही होते. त्याही आधी, २००३च्या विश्वचषकात अभिनेत्री मंदिरा बेदी निवेदिका म्हणून पडद्यावर आली तेव्हा चर्चा झाली ती तिच्या ब्लाउजच्या पट्ट्यांची. सगळ्यांचे डोळे उघडे होते, पण बघायची गोष्ट डोळ्यांना दिसणारी नव्हतीच. ती कानात होती.

निवेदिकेच्या कानात बसणाऱ्या त्या छोट्या बोळ्यातून जे ऐकू येतं त्याला टॉकबॅक म्हणतात. पलीकडे प्रोड्युसर असतो, कधी मैदानाबाहेरच्या प्रक्षेपण व्हॅनमध्ये, कधी दूर स्टुडिओच्या कंट्रोल रूममध्ये. तो बोलायचा थांबत नाही. रिप्ले तयार आहे, यांना तोडू नकोस, आकडेवारीचा तक्ता येतोय, पाऊस सुरू झालाय, पुढचं सगळं रद्द, आता तीन मिनिटं भरून काढ. त्याच वेळी शेजारी बसलेला माजी खेळाडू चेंडूच्या शिवणीबद्दल काही तरी बारीक सांगत असतो, आणि त्याच्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न निघायला हवा. बातम्यांच्या निवेदकाला समोर टेलिप्रॉम्प्टरचा आधार असतो. खेळाच्या थेट प्रक्षेपणात तो फारसा कामाचा नाही, कारण पुढच्या चेंडूवर काय होणार हे कुणी लिहून ठेवणार कसं?

आणि मग उलटी मोजणी. दहा, नऊ, आठ... हे आकडे कानात मोजले जात असताना तोंडानं वाक्य चालू ठेवायचं, पाहुण्याचे आभार मानायचे, आणि शून्याला शेवटचा शब्द संपवायचा. दोन सेकंद आधी संपलं तर पडद्यावर अवघडलेलं हसू राहतं. दोन सेकंद उशीर झाला तर जाहिरात वाक्याचा गळा दाबते.

हे किती अवघड आहे ते १९५३ मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधल्या कॉलिन चेरी यांनी दाखवून दिलं होतं. त्यांनी लोकांना हेडफोन लावले, दोन कानांत दोन वेगळे मजकूर सोडले आणि सांगितलं, एका कानातलं ऐकता ऐकता मोठ्यानं म्हणत राहा. ते लोकांना जमलं. दुसऱ्या कानात काय होतं, हे विचारल्यावर मात्र पंचाईत. आवाज बाईचा की पुरुषाचा एवढं सांगता यायचं. त्या कानातलं इंग्रजी मध्येच बदलून जर्मन झालं तरी पत्ता लागायचा नाही! तुम्हीआम्ही बोलताना दुसरा कान असा जवळजवळ बंदच ठेवतो.

मग निवेदिकेला जमतं कसं? मला वाटतं, ती दोन्ही गोष्टी एकदम करतच नसावी. टॉकबॅकची भाषा तुटक असते, ठरलेल्या शब्दांची, आणि निवेदिकेजवळही घोटून घोटून जिभेवर बसलेल्या वाक्यांचा साठा असतो. असं एखादं वाक्य आपोआप बाहेर पडतं, तेवढ्यात लक्ष कानाकडे जाऊन परत येतं. पोळी लाटता लाटता तव्यावरच्या पोळीचा वास ओळखणाऱ्या बाईला यात नवल वाटणार नाही. फरक इतकाच की इथे करपलेली पोळी सगळा देश बघतो.

माइकपर्यंत जायला पुण्यात दुसरी वाटही आहे. स्नेहल प्रधान भारतासाठी मध्यमगती गोलंदाजी करून मग समालोचनाकडे वळली. तिच्याकडे मैदानाची आठवण होती. संजनाला क्रिकेट बाहेरून शिकावं लागलं. मला दुसरं जास्त धाडसाचं वाटतं. खेळाडूनं चूक केली तर ‘जीभ घसरली’ म्हणतात, आणि हिनं केली तर ‘हिला काय कळतं!’

मार्च २०२१ मध्ये संजनानं गोव्यात भारताचा गोलंदाज जसप्रीत बुमरा याच्याशी लग्न केलं, आणि बऱ्याच मथळ्यांत तिची ओळख एका शब्दावर आली: बायको. पण तिची खरी कसोटी लागली ती २९ जून २०२४ रोजी, बार्बाडोसमध्ये. भारतानं दक्षिण आफ्रिकेला सात धावांनी हरवून टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला होता, १५ बळी घेणारा बुमरा स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला होता, आणि आयसीसीसाठी त्याच्यासमोर माइक धरून उभी होती संजना. नवरा समोर, तरी प्रश्न गोलंदाजाला विचारायचे तसेच विचारायचे. तिनं ते विचारले. मुलाखत संपल्यावर त्यानं तिला मिठी मारली, आणि लोकांनी व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला तो त्या मिठीसाठी. मी त्याआधीचे प्रश्न पुन्हा ऐकले.

पुढच्या सामन्यात ब्रेकच्या आधी निवेदिकेकडे नीट बघा. पाहुणा बोलत असताना तिची नजर क्षणभर स्थिर होते, मान किंचित हलते आणि वाक्य वळण घेतं. जाहिरात तिच्या शेवटच्या शब्दाला बरोबर लागली, तर समजा की कानातला माणूस शून्यावर आला होता.