रस्ता आधी कागदावर होतो

खेडहून चिपळूणला निघाले, की भरणे नाका, मग लोटे, मग परशुराम घाट आणि घाट उतरल्यावर वाशिष्ठी. एस.टी.च्या खिडकीतून हा रस्ता मी इतक्यांदा पाहिला, की त्याचे वळण न् वळण मला पाठ. मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण आमच्या भागात आले, तेव्हा मात्र कळले, की रस्ता आधी कागदावर होतो. जमिनीवर फार उशिरा येतो.

पहिले काम मोजणीचे. किती वाहने जातात, ते मोजतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या हिशेबात मोटार म्हणजे एक, ट्रक किंवा एस.टी. म्हणजे तीन आणि बैलगाडी तब्बल आठ! जी हळू चालते, ती जास्त रस्ता अडवते. पण डोक्यावर पाटी घेऊन रस्ता ओलांडणारी मावशी या हिशेबात बसत नाही. तिच्यासाठी भुयारी मार्ग हवा, हे गावालाच सांगावे लागते आणि तेही नकाशा पक्का होण्याआधी.

दुसरे काम आखणीचे. घाटात डोंगर उभा कापला, तर जमीन कमी लागते. पण पावसाचे पाणी मुरले, की माती सुटते. टप्प्याटप्प्याने, उतार देऊन कापला, तर दरड धरून राहते. पण जमीन जास्त जाते. परशुराम घाट 2022च्या उन्हाळ्यात कामासाठी दुपारचे काही तास बंद ठेवावा लागला होता, तेव्हा डोंगराशी व्यवहार किती अवघड, ते सगळ्यांनी पाहिले.

तिसरे काम जमिनीचे. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, 1956 प्रमाणे जमीन घेण्याचा इरादा राजपत्रात प्रसिद्ध होतो. त्याचा गोषवारा दोन स्थानिक वर्तमानपत्रांत येतो, त्यांतले एक स्थानिक भाषेतले. हरकतीला मुदत राजपत्रातल्या तारखेपासून फक्त 21 दिवस. हरकत लेखी हवी, कारणांसह. त्यावर सुनावणी होते. पुढे अंतिम घोषणा झाली, की जमीन सरकारची. मोबदल्याचा दावा त्यानंतरही करता येतो. पण आखणीबद्दल बोलायची वेळ गेलेली असते.

आमच्या घरी काय झाले, सांगतो. ती नोटीस आली, त्या दिवशीचे वर्तमानपत्र मी साहित्याचे पान वाचून बाजूला ठेवले. भाभीने त्यात सुके बोंबील बांधून मुंबईला धाडले. महिन्याभराने शेजारी विचारू लागला, "भाईजान, तुमच्या विहिरीचं काय ठरलं?" अब्बांनी खोदलेली ती विहीर आखणीच्या आत होती. मोबदला मिळाला, तक्रार नाही. रस्ता मलाही हवाच होता. रात्री दुखणाईताला घेऊन चिपळूण गाठणे म्हणजे काय, ते आम्हांला ठाऊक आहे. पण आखणी दहा हात सरकवता येईल का, एवढे विचारायचे राहून गेले ते राहूनच गेले.

म्हणून म्हणतो, बारीक अक्षरांतल्या त्या नोटिशीत आपल्या गावाचे नाव दिसले, तर आधी गट नंबर पाहा. बोंबील नंतरही बांधता येतील.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)