रविवारचं वाटण

सकाळी सव्वासातची एसटी. ती चुकली की शाळेत लेट मार्क. त्यामुळे पाचच्या आत उठायचं, पोळ्या, भाजी, तीन डबे... चिडचिड व्हायची नुसती!

म्हणून रविवारी दुपारीच सगळं करून ठेवायचं ठरवलं. ‘‘आठवडाभर शिळं खायला घालणारेस का गं?’’ सासूबाईंनी लगेच विचारलं. खरं सांगू, त्यांचं चुकलं नव्हतं. पहिल्या रविवारी मी चक्क भाज्याच करून ठेवल्या. बुधवारी त्या वांग्याला कुणी हात लावेना.

तेव्हा कळलं, भाजी रोज ताजीच करायची, आधी करायची ती तयारी. कांदा-खोबरं तेलावर चांगलं लालसर परतायचं, पूर्ण गार होऊ द्यायचं आणि पाणी न घालता वाटायचं. घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रिजमध्ये तीन-चार दिवस छान राहतं. (ओला चमचा घातलात तर मात्र संपलंच!) मेथी निवडून, न धुता कागदात गुंडाळायची. मटकी शनिवारी रात्री भिजवली, रविवारी सकाळी फडक्यात बांधली की सोमवारी उसळ. दाण्याचं कूट तर सासूबाईच करतात, माझं म्हणे फार बारीक होतं.

पण यात माझी रविवारची झोप गेली, त्याचं काय? मग लसूण ह्यांच्याकडे दिला. मॅच बघता बघता वाटीभर सोलून होतो. मुलाच्या हातात लसूण बघून सासूबाई अजूनही उठून आत जातात. जाऊ देत. सोमवारी मी पावणेसहाला उठते.