घरचा लाऊडस्पीकर : वॅट नव्हे, स्पष्टपणा पाहा

दिवाळीनंतर झाडीपट्टीत मंडई, दंडार आणि नाटकांचा हंगाम सुरू होतो. मोठ्या आवाजाची कानांना सवय होते आणि घरीही तसाच दणदणाट हवासा वाटतो. मग दुकानात पहिला प्रश्न असतो, "किती वॅटचा आहे?" कानांच्या आरोग्याच्या दृष्टीने मात्र खरा प्रश्न वेगळा आहे. कमी आवाजात शब्द स्पष्ट ऐकू येतात का?

कानाला इजा कशी होते?
आतल्या कानात शंखाच्या आकाराचा एक भाग असतो. त्यात जन्मतः सुमारे १५ हजार सूक्ष्म केसपेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या थकतात आणि मारा चालूच राहिला तर मरतात. त्या पुन्हा तयार होत नाहीत. सुरुवातीला स, श, त, थ अशी अक्षरे अस्पष्ट होतात. माणूस आवाज आणखी वाढवतो आणि नुकसानही वाढते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार प्रौढांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तासांपेक्षा जास्त ऐकू नये. मुलांसाठी हीच मर्यादा ७५ डेसिबल आहे. दर ३ डेसिबल वाढीमागे वेळ निम्मा होतो. म्हणजे ८९ डेसिबलला फक्त ५ तास! मोजण्याचे यंत्र नसले तरी साधी खूण लक्षात ठेवावी : हातभर अंतरावरील माणसाशी ओरडून बोलावे लागले, तर आवाज जास्त आहे.

निवड कशी करावी?
वॅट दुप्पट केले तरी आवाज ३ डेसिबलनेच वाढतो. म्हणून खोक्यावरील 'पीएमपीओ'च्या मोठ्या आकड्यांना भुलू नये, 'आरएमएस' वॅट पाहावे. १ वॅटला १ मीटरवर ८७ ते ९० डेसिबल आवाज देणारा स्पीकर असेल, तर दहा बाय बाराच्या खोलीला ५-१० वॅट पुरतात.

आपल्या ओळखीचे एखादे भजन दुकानात हळू आवाजात वाजवून पाहावे. गाणाऱ्याचे शब्द आणि तबल्याचे बोल वेगवेगळे कळले पाहिजेत. मग आवाज थोडा वाढवावा. तो फाटत असेल तर तो स्पीकर घेऊ नये. फाटका आवाज डोके दुखवतो आणि शब्द कळावेत म्हणून माणूस तो वाढवतच राहतो.

खोलीही महत्त्वाची
गोसीखुर्द प्रकल्पामुळे पवनी तालुक्यातील अनेक कुटुंबे नव्या वसाहतींत राहायला गेली. मातीच्या भिंती आणि कवेलूंच्या घरापेक्षा सिमेंटच्या उघड्या भिंतींत आवाज जास्त घुमतो आणि शब्द कळत नाहीत. अशा वेळी आवाज न वाढवता पडदे लावावेत, सतरंजी अंथरावी. स्पीकर कोपऱ्यात ठेवू नये. बसल्यावर कानाच्या उंचीवर येईल असा, पाच-सहा फुटांवर ठेवावा. पाळण्याजवळ तर मुळीच नको.

शेजारी आजारी माणूस किंवा अभ्यास करणारी मुले असतात, याचेही भान हवे. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल आहे.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?
ऐकल्यानंतर कानात शिट्टी वाजणे, दडा बसणे, गर्दीत बोलणे न कळणे ही धोक्याची चिन्हे आहेत. कानात तेल घालून वाट पाहू नये. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून श्रवणतपासणी करून घ्यावी. अचानक ऐकू येईनासे झाले तर त्याच दिवशी जावे, कारण उपचाराचा उपयोग लवकर गेल्यासच होतो.

स्पीकर बिघडला तर बदलता येतो, कानातल्या पेशी बदलता येत नाहीत.